दोन गुरुवारांची बोट

गेनूभाऊंना कुठल्याही वस्तूची किंमत रुपयांत सांगून उपयोग नसे. ते ऐकून घेत, मान डोलावत आणि मग विचारत, "म्हंजी किती गुरुवार?" आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी कामावर आलं की दुप्पट पगार. त्या दुप्पट पगाराच्या दिवसाला गेनूभाऊ एक गुरुवार म्हणत आणि सायकलपासून थोरल्या मुलीच्या लग्नातल्या मांडवापर्यंत सगळा प्रपंच त्याच मापानं मोजत. मी नवा रेडिओ घेतला तेव्हा त्याचं तोंडभर कौतुक करून झाल्यावर तो किती गुरुवारांचा हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. पुढं कितीतरी दिवस रेडिओ लावला की मला गाण्याऐवजी गुरुवारच ऐकू यायचे.

मी बासष्ट साली साताऱ्याकडून पिंपरीला आलो. यंत्रं बनवणाऱ्या एका नव्या कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो आणि चिंचवड गावात, नदीच्या अंगाला, गेनूभाऊंच्या चाळीत एक खोली भाड्यानं घेतली. ते त्याच कारखान्यात फाउंड्रीतली क्रेन चालवत. म्हणजे दिवसा त्यांची हजेरी माझ्या हातात आणि संध्याकाळी माझं छप्पर त्यांच्या हातात. दोघांनीही या परिस्थितीचा गैरफायदा घेतला नाही. गळक्या कौलांबद्दल त्यांनी चालढकल केली, पण ती सगळेच घरमालक करतात.

माणूस उंचीनं बेताचा, खांद्यात रुंद. आयुष्य वरून खाली बघण्यात गेल्यामुळं मान कायम जराशी वाकलेली. क्रेनच्या केबिनमधल्या माणसाचं बोलणं खाली पोचत नाही आणि खालच्याचं वर येत नाही, त्यामुळं सगळा व्यवहार हाताच्या खुणांचा. हात गोल फिरवला की उचल, तळहात खाली दाबला की उतरव, मूठ आवळली की थांब. ही भाषा गेनूभाऊ घरीही घेऊन आले होते. पंगतीत वाढप्यासमोर ते मूठ धरत आणि बिचाऱ्याला कळतच नसे. सरुवहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, चिडून म्हणत, "मी काय तुमचं लोखंड हाय व्हय? तोंडानं बोला." मग ते तोंडानं बोलत, पण चारच शब्द.

माझं लग्न झालं आणि सासुरवाडीहून एक लोखंडी कपाट आलं. खोलीचं दार अरुंद, कपाट अवजड, चौघेजण दारातच अडकलेले. गेनूभाऊंनी सगळ्यांना गप्प केलं, स्वतः समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर चढले, कारण वर चढल्याशिवाय त्यांना सुचत नसे, आणि तिथून नुसत्या खुणांवर ते कपाट आत घातलं. कुठं ओरखडासुद्धा नाही. चहापाणी झालं, माणसं गेली आणि मग माझ्या बायकोच्या लक्षात आलं की कपाटाची दारं भिंतीकडं आहेत. फाउंड्रीत माल जागेवर टेकला की गेनूभाऊंचं काम संपे. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे बघायला दुसरा माणूस असे.

पगार आणि चाळीचं भाडं ही त्या घराची एक बाजू. दुसरी बाजू सरुवहिनींची. त्यांचं बरंचसं रान कारखान्याच्या भिंतीआड गेलं होतं. नदीकडचा एक तुकडा तेवढा उरला होता, एकराला थोडा कमीच. गेनूभाऊ कंपनीत लागले तेव्हा तो वहिनींच्या अंगावर पडला आणि त्यांनी तो फुलवला. हिवाळ्यात मेथी, इतर दिवसांत कोथिंबीर नाहीतर पालक. सकाळी पाट्या भरून बाजारातल्या व्यापाऱ्याला द्यायच्या. पगार घराचा होता, भाडं सासूबाईंच्या हातात जाई, मेथीचे पैसे मात्र वहिनींचे. त्यांत कुणी हात घालत नसे. बाई हाडानं काटक, बोलायला सडेतोड आणि देण्याघेण्यात अशी चोख की माझ्या बायकोनं वाटीभर साखर नेली तर परत घेताना जास्तीची चिमूटही काढून ठेवायची.

आता बोटीचं सांगतो. कारखाना उभा राहत होता तेव्हा परदेशी यंत्रांच्या पेट्या आणायला कंपनीनं गेनूभाऊंना ट्रकबरोबर मुंबईच्या बंदरात धाडलं होतं. पेट्या सुटायला वेळ होता, म्हणून ड्रायव्हर त्यांना भाऊच्या धक्क्यावर घेऊन गेला. तिथं गोव्याला जाणारी प्रवासी बोट सुटत होती. वरच्या-खालच्या मजल्यांवर माणसं, वळकट्या, करंड्या, रडणारी पोरं. भोंगा वाजला आणि गेनूभाऊंच्या शब्दांत सांगायचं तर "आख्खी आळी" जागची हलली. एवढं वजन क्रेनशिवाय हललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते खिडकीवरची भाड्याची पाटी वाचून आले आणि त्या संध्याकाळी ओट्यावर बसून वहिनींना सगळं सांगितलं. दिवसभर आणि रातभर पाण्यावरून जायचं, उघड्यावर आपली वळकटी पसरायची, सकाळी गोवा.

सरुवहिनींनी समुद्र पाहिला नव्हता. त्या हातातलं काम टाकून ऐकत राहिल्या. मग विचारलं ते एकच, तिकीट किती. डेकचं माणशी दोन गुरुवार, गेनूभाऊ म्हणाले. वहिनींनी मनाशी हिशेब केला. दोन गुरुवार म्हणजे मेथीच्या चार पाट्या.

"जाऊ," त्या म्हणाल्या. "पर माझं तिकीट माझ्या मेथीचं."

या अटीमागं एक जेजुरी होती. लग्नानंतर दिरानं त्यांना जेजुरीला नेलं होतं आणि एस.टी.चं तिकीट काढलं होतं. तेव्हापासून घरात काही बिनसलं की दीर चारचौघांत सांगायचा, वहिनीला देव मी दाखवला. ते ऐकून ऐकून बाईचे कान किटले होते. समुद्र बघेन तर माझ्या पैशानं, नाहीतर तो तिथं आणि मी इथं, असं त्यांनी एकदाच सांगून टाकलं. नवऱ्याचे पैसे काही परक्याचे नव्हेत असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

पहिली वर्षं अशीच गेली. एका वर्षी सासूबाईंचं आजारपण, एका वर्षी मुलीचं लग्न, एका वर्षी चाळीवर आणखी दोन खोल्या. पण बोट कुणी विसरलं नाही. आमच्या फाउंड्रीत मालवणकडचा परब होता. तो गावाला बोटीनंच जायचा. पावसाळ्यात बोट बंद असे. ती पुन्हा सुरू झाली की परबानं नवं भाडं विचारून यायचं असा रिवाजच पडला. परबाला हे सगळं वेड वाटे. "मजेसाठी कोण बोटीत बसता?" तो मला म्हणायचा. "आमका गावाक जाऊचा असता म्हणान बसतव." पण भाडं तो न चुकता आणायचा, आणि ते दरवेळी वाढलेलं असायचं.

गंमत पुढंच आहे. भाडं रुपयांत वाढत होतं, पण आमच्या कंपनीत युनियन जोरात होती. दर काही वर्षांनी करार होई, महागाई भत्ता चढे. त्यामुळं गेनूभाऊंचा गुरुवार दरसाल वजनदार होत चालला. दोन गुरुवारांची बोट पावणेदोनावर आली, मग दीडावर. आणि सरुवहिनींची? बाजारात मेथीचा ढीग पडे, व्यापारी सांगेल तो भाव. चार पाट्यांची बोट पाचांवर गेली, मग सहांवर. एकाच ओट्यावर, एकाच संध्याकाळी नवरा सांगायचा की बोट स्वस्त झाली आणि बायको म्हणायची की महागली. तेही तावातावानं.

शेवटी दोघांनी मला पंच नेमलं. मी टाइम ऑफिसचा माणूस, मला आकड्यांचं कळतं अशी एक अफवा होती. मी बराच वेळ समजावलं की पगार एका चालीनं वाढतो, भाजीचा भाव दुसऱ्या, आणि भाडं तिसऱ्याच. तेव्हा तुमचं दोघांचंही बरोबर आहे. हा निवाडा कुणालाच आवडला नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, बोट एकच हाय न्हवं? मंग ती एकाला सस्ती आन् एकाला म्हाग कशी?"  

गेनूभाऊंनी मात्र त्या निवाड्यातून आपल्याला हवं तेवढंच उचललं. बोट उतरत्या भावावर आहे. आणि उतरत्या बाजारात खरेदी करायची नाही, हे त्यांच्या शेतकरी रक्तात होतं. भाव पडत असताना बैल घेणाऱ्याला त्यांच्या गावात शहाणा म्हणत नसत. "एका गुरुवारावर येऊ द्या, भाऊसाहेब," ते मला सांगायचे. "यीलच. घाई करून काय?" इकडं वहिनींच्या पाट्या चढत होत्या हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटे, आपली बोट एकदा एका गुरुवारावर आली की ही आपोआप हट्ट सोडील. साध्या माणसांनाही अशी मोठमोठी चुकीची गणितं करता येतात. मी त्या वेळी त्यांना हसायचो, आता हसवत नाही.

मग नदीकडच्या रानांवर सरकारी नोटीस आली. तिथं नवी वसाहत व्हायची होती. बराच काळ नुसतीच बोलणी चालली, मोर्चे निघाले आणि एक दिवस तो तुकडा गेला. मोबदला मिळाला. गेनूभाऊंनी आयुष्यात एवढी रक्कम एकदम पाहिली नव्हती. आनंदानं नव्हे, वहिनींचं मन रमवावं म्हणून, ते म्हणाले की आता डेक नको, केबिन घेऊ, दोघांचीही.

सरुवहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"रान इकून पानी बघाया जाऊ व्हय?"

त्यानंतर त्या घरात बोटीचा विषय निघेना. वहिनी रोज त्याच वेळी उठत, अंगण दोनदोनदा झाडत आणि मग रिकाम्या हातांनी ओट्यावर येऊन बसत. त्यांना तसं बसलेलं बघणं मला जड जायचं. ज्या बाईला मी कधी दारात उभं राहून गप्पा मारतानाही पाहिलं नव्हतं, ती आता येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत दिवस काढत होती.

अशातच एका वर्षी परबानं नवं भाडं आणलं, आणि नुकत्याच झालेल्या कराराच्या पगारात गेनूभाऊंनी ते मोजलं तर बरोबर एक गुरुवार. इतक्या वर्षांची वाट पाहणं संपलं होतं. शिफ्ट सुटल्यावर ते माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत. मी पोचलो तेव्हा ते अंगणात उभे होते आणि वहिनी सुपात डाळ निवडत होत्या.

"अगं, आली," ते म्हणाले. "एका गुरुवारावर आली."

"आली तर आली." वहिनींचा हात थांबला नाही. "मी कशानं मोजू? माझ्याकडं मोजायला काय ऱ्हायलंय?"

गेनूभाऊ तसेच उभे राहिले. त्यांचा हात नुसताच वर आला आणि खाली गेला, कुठलीच खूण न करता. मला त्या माणसाचं इतकं वाईट वाटलं की मी माझ्या खोलीत जायच्याऐवजी उगाच नळावर जाऊन पाय धूत बसलो.

पुढच्या गुरुवारी गेनूभाऊ कामावर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. ओव्हरटाइम सोडणारा माणूस नव्हे हा, तेव्हा फोरमननं माझ्याकडं चौकशी केली की घरी कुणी आजारी आहे का. कुणी नव्हतं. चाळीच्या मागं दोन नव्या खोल्यांसाठी जोतं बांधून तयार होतं. गेनूभाऊ पहार घेऊन ते फोडत होते. सगळे दगड काढून झाल्यावर एक दिवस ट्रक आला. नदीकडच्या रानांत खोदाई सुरू होती आणि तिथली काळी माती भरावासाठी ट्रक भरभरून बाहेर चालली होती. ड्रायव्हरला पैसे देऊन गेनूभाऊंनी त्यातली एक खेप घरी ओतून घेतली. स्वतःच्याच रानाची माती त्यांनी विकत घेतली. गावात टिंगल झाली. दोन खोल्यांचं भाडं सोडून हा वाफे करतोय म्हणे. मीही मनात म्हटलं की म्हातारपणी माणसाचं डोकं जरा फिरतंच.

वहिनी हे सगळं ओट्यावरून बघत होत्या. गेनूभाऊ त्यांना काही सांगत नव्हते. माती पसरली, वाफे पाडले, पाणी फिरवलं. आणि एका गुरुवारी सकाळी ते मेथीचं बी पेरायला लागले. इतकी वर्षं क्रेनवर काढलेला हात, बी नुसतं ओतल्यासारखं पडत होतं. एक वाफा झाला, दुसरा निम्मा झाला, आणि वहिनी पदर खोचून उतरल्या.

"असं पेरत्यात व्हय? कोंबड्यास्नी टाकताय का? सरका तिकडं."

गेनूभाऊ सरकले. नुसते सरकले नाहीत, पार नळापर्यंत मागं गेले आणि तिथं उभे राहून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं.

वाफे ते किती, मेथी ती केवढी! व्यापाऱ्याकडं न्यायला पाटी भरायची नाही, म्हणून वहिनी पहिली शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर बसू लागल्या. मधला व्यापारी गेला आणि भाव त्यांचा त्यांच्या हातात आला. घरी जाणारे कामगार सायकलला जुड्या अडकवून न्यायचे. गेनूभाऊ गेटमधून बाहेर पडताना तिकडं पाहायचेही नाहीत. बायकोच्या धंद्यात आपली लुडबुड नको, हा त्यांचा मान राखण्याचा प्रकार. त्या दोन हिवाळ्यांत आमच्या घरी मेथीचे इतके प्रकार झाले की माझी मुलं हिरवा रंग पाहून ताटावरून उठायची.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी परब शिमग्याला गावी निघायच्या तयारीत होता. वहिनींनी त्याला गेटवरच अडवून विचारलं, बोटीचं काय चाललंय. त्यानं सांगितलं. घरी येऊन त्यांनी गेटवरच्या भावानं हिशेब केला आणि संध्याकाळी ओट्यावर जाहीर केलं, "तीन पाट्या." म्हणजे पहिल्या दिवसापेक्षाही स्वस्त. गेनूभाऊंनी ऐकलं. भाव उतरतोय, अजून थांबू, असं ते म्हणतात की काय, अशी मला धास्ती होती. ते म्हणाले, "काढू का तिकिटं?"

"तुमचं तुमी काढा," वहिनी म्हणाल्या.

मीही गेलो. इतकी वर्षं जी बोट ऐकली तिच्यात बसल्याशिवाय मला राहवेना. बायकोनं पाण्याच्या भीतीनं माघार घेतली. आदल्या दिवशी परबाबरोबर मुंबईला जाऊन त्याच्या भावाकडं मुक्काम केला आणि सकाळी धक्क्यावर पोचलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, दोघांचं एकत्र ना? वहिनी म्हणाल्या, न्हाई, येगळं. त्यानं चष्म्यावरून आधी वहिनींकडं, मग गेनूभाऊंकडं पाहिलं. नवराबायकोचं भांडण झालंय असं त्याला वाटलं असावं. गेनूभाऊ मात्र रांगेत बायकोच्या मागं उभे राहून ऐटीत हसत होते.

बोट सुटायच्या आधी परबानं गेनूभाऊंना लिंबू दिलं. त्यांनी ते परत केलं. तीस फुटांवर आठ-आठ तास झुलणाऱ्या माणसाला बोट काय लागणार, असं ते म्हणाले. भोंगा वाजला, आळी हलली. बंदराबाहेर पडून तासभर झाला नसेल तोच ते पिवळे पडले आणि वळकटीवर आडवे झाले. दुपारभर त्यांनी डोळे उघडले नाहीत. वहिनींनी त्यांचं तोंड पुसलं, उशाला आपलं दुसरं लुगडं घडी करून दिलं, लिंबू हुंगायला लावलं आणि मग त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या उभ्या राहिल्या त्या उजव्या बाजूला. परबानं सांगून पाहिलं, वैनी, किनारो त्या बाजूक आसा, हय काय्येक नाय. त्या जागच्या हलल्या नाहीत. डावीकडं डोंगर, माड, किल्ले असं बघण्यासारखं सगळं होतं. उजवीकडं नुसतं पाणी. त्या पाण्याकडंच बघत होत्या. वेळ गेला, आजूबाजूची चाकरमानी मंडळी जेवून, पत्ते खेळून, झोपून उठली. बाई उभीच.

ऊन उतरलं तेव्हा गेनूभाऊंनी मला खूण करून जवळ बोलावलं. तिला म्हणावं बस जरा, पाय दुखतील, असं क्षीण आवाजात म्हणाले. मी गेलो आणि निरोप सांगितला. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं नाही. तोंडावर वारा होता आणि चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

"त्यास्नी सांगा," त्या म्हणाल्या, "बोट आजून दहा पाट्या म्हाग असती तरी मी आले असते."

मी परत येऊन शब्दाला शब्द सांगितलं. गेनूभाऊ डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, "मंग मी उगंच थांबलो, भाऊसाहेब."

 मग ते कोपरावर रेलून उठायला लागले. मी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. उभे राहिले, झोकांडले, लोकांच्या वळकट्या चुकवत, मिळेल ते धरत कठड्याकडं निघाले. वहिनींना चाहूल लागली असावी. त्यांनी मागं पाहिलं नाही, पण कठड्याशी एक माणूस मावेल एवढ्या त्या बाजूला सरकल्या.